आधी कायम, मग मैदान

नाशिकरोड, १९ नोव्हेंबर १९७८

गेणू, जय भीम.

तुझा पत्ता तू मला दिला नाहीस. काळूच्या मेव्हण्याने दिला. तो वापीला तुझ्याच रंगाच्या कारखान्यात आहे म्हणे. सख्ख्या भावाचा पत्ता गल्लीतल्या गोलकीपरच्या मेव्हण्याकडून मिळवावा लागतो, हे शाळेत शिकवणाऱ्या माणसाला शोभतं का, ते तूच ठरव.

आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण ताट पुढे सरकवते ते भिंतीकडे बघून. पंचशीलनगरमधली निम्मी माणसं तसंच करतात. माझ्या नियमामुळे तुझी नोकरी गेली असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तूही जाताना दारात हेच बोललास, आणि वर म्हणालास की, तू कंपनीकडून माझ्या टीमवर गोल केलास म्हणून मी हा नियम आणला. हे धादांत खोटं आहे. तो गोल चांगला होता. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी हरणाऱ्या टीमचा सेक्रेटरी होतो.

आता शांतपणे ऐक. भांडणात तू मला पुरतं बोलू दिलं नव्हतंस. जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमध्ये आठ क्लब. त्यांतले दोन कंपन्यांचे, तुझं अंजनेरी इंजिनिअरिंग आणि ते प्रभात टूल्स. विजेत्याची ढाल कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. बाकीच्या सहांनी यायचं, मार खायचा आणि परत जायचं. कुठल्याही वस्तीत एखादा पोरगा बरा खेळायला लागला की कंपनीचा माणूस सायकलवरून येणार, 'टेंपररी लावतो, कायमचं पुढे बघू' म्हणणार, आणि आमचा फॉरवर्ड गेला. अंजनेरीकडे तर बाकावर बसायलाच एक अख्खी टीम होती! पेठची मंडळी म्हणाली, आम्ही डोंगरातून फक्त हरायला कशाला यायचं? मालेगावकरांनी येणं बंदच केलं होतं. आणखी एक मोसम असा गेला असता तर लीग मिटली असती. म्हणून जूनच्या सभेत मी ठराव मांडला: नोकरी कुणाकडेही करा, खेळायचं आपल्या वस्तीच्या क्लबातून; कंपन्यांनी आपल्या कॉलनीतली पोरं खेळवावीत. मी लीगचाही सेक्रेटरी आहे, आणि ते माझं कामच आहे.

कंपनी टेंपररी पोरांना काढून टाकेल हे मला ठाऊक नव्हतं. खेळत नसतील तर काम तरी करतीलच की, असं मला वाटलं. तुला लेथवर हात चालवता येत होता ना?

मोसम पुढच्या रविवारी सुरू होतोय. नियमाप्रमाणे तू वापीत नोकरी करूनही आपल्या समता क्लबकडून खेळू शकतोस. हे फक्त माहितीसाठी.

तुझा,
पुंजारामदादा


नाशिकरोड, ११ फेब्रुवारी १९७९

गेणू,

तू आईला पत्र पाठवलंस. छान केलंस. पण आईला वाचता येत नाही हे तू विसरलास की मुद्दाम केलंस? मीच वाचून दाखवलं. 'दादाला यातलं काही सांगू नकोस' हेसुद्धा मीच मोठ्याने वाचलं. आई हसली. नंतर डोळ्यांना पदर लावला, आणि त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पुढलं वाच."

पुढे तू रंगाच्या वाफेबद्दल लिहिलं होतंस. हात निळे होतात आणि साबणाने जात नाहीत, खोकला येतो. ते मी वाचलं नाही. 'काम हलकं आहे' असं वाचलं. हे तुला कळवतो, म्हणजे पुढच्या पत्रात तू तेच धरून ठेवशील.

आता तुला आवडो न आवडो, लीगबद्दल लिहितोच. असा मोसम मी पाहिला नव्हता. पेठच्या पोरांनी प्रभातला हरवलं! त्यांचा मंगळू गावित तुला आठवत असेल, तो अनवाणी सराव करायचा. त्याने उजवीकडून असा काही बॉल आणला की त्यांचा बॅक नुसता बघत राहिला. मालेगावचे लूमवाले ट्रक भरून आले, ढोल घेऊन. मैदानाच्या चारही बाजूंना माणसं, झाडांवरसुद्धा. सामना सुरू होताना कोण जिंकेल हे कुणालाच माहीत नसायचं. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. आपण समतावाले तिसरे आलो. काळू गोलात जीव तोडून खेळला.

आणि घरी येताना सुमनबाईने मला गल्लीत गाठलं. काळूची बायको, तिला तू ओळखतोसच, तिच्या तोंडाला कोण लागणार? काळूलाही कंपनीने तुझ्याबरोबरच काढलं होतं. आता तो गाडीतळावर कांद्याची पोती उचलतो. ती भर रस्त्यात म्हणाली, "सर, तुमची ढाल आली ना, तर आमच्या घरी पाठवा. चुलीवर ठेवून बघते, भाकरी भाजती का त्याच्यावर."

मी म्हटलं, "सुमनबाई, कंपनीने कायम केलं नव्हतं त्याला."

"करनार होते," ती म्हणाली. "तुम्ही मधी आले."

सगळे मला हेच ऐकवतात. करणार होते. तुझंही तेच होतं. गेल्या मोसमात तू घरी येऊन सांगितलंस की कायम होतोय, आणि आईने गल्लीभर पेढे वाटले. कायम झालेल्या माणसाच्या घरचे पेढे आपल्या वस्तीत किती वर्षांनी खाल्ले असतील लोकांनी! म्हातारे कोंडाजीबाबा तर पेढा हातात धरून रडले. माझा नियम आला आणि ते पेढे सगळ्यांच्या तोंडात कडू झाले.

माझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण गल्लीतून चालताना आता मी मान खाली घालून चालतो, तेवढं खरं.

खोकला डॉक्टरला दाखव.

दादा


नाशिकरोड, २० ऑगस्ट १९७९

गेणू,

हे पत्र बाजूला ठेवू नकोस, लगेच वाच आणि लगेच उत्तर दे. राग असला तरी दे.

अंजनेरीचे मॅनेजर खासनीससाहेब परवा शाळेत आले होते. माझ्या वर्गात, पोरांच्या बाकावर बसले. माणूस गोड बोलतो. म्हणाले, "पगारेसर, तुमचा नियम मागे घ्या. गेल्या मोसमात ढाल नाही आली, आमच्या वरच्या लोकांना खेळात रस उरला नाही. नियम गेला तर आम्ही पोरांना परत घेऊ. तुमच्या भावाचं नाव मी यादीत पहिलं घालतो. कायम करण्यासाठी."

मी चहा मागवला.

ऑक्टोबरच्या सभेत ठराव येणार आहे. मी सगळ्या क्लबांचा अंदाज घेतला. दोन्ही कंपन्या नियम काढा म्हणणार, हे उघड आहे. पण आपल्यासारख्या छोट्या क्लबांतलेही काही तेच म्हणतायत! ज्यांच्यासाठी केलं तेच. घरोघरी सुमनबाई आहेत, त्याला कोण काय करणार? मोजदाद अशी आहे की मतं समसमान पडतील, आणि मग निर्णायक मत सेक्रेटरीचं. म्हणजे माझं.

स्पष्ट लिहितो. मी हात वर केला तर तू घरी येतोस, लेथवर उभा राहतोस, कायम होतोस. तुझे हात निळे होणार नाहीत. आणि लीग पुन्हा दोघांची होते. पेठवाले परत येणार नाहीत, मालेगावचा ट्रक येणार नाही. मी हात खाली ठेवला तर लीग राहते, आणि तू तिथेच राहतोस.

रात्री झोप लागत नाही रे. मला लीग हवी आहे. तू घरी हवा आहेस. ही दोन वाक्यं मी एकापाठोपाठ लिहू शकतो, पण दोन्ही एका वेळी खरी करून दाखवणं मला जमत नाही.

आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर ती काय म्हणेल ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. तुला काय हवंय ते एका ओळीत लिही. तू म्हणशील तसं करीन, असं वचन देत नाही. पण मला ते माहीत असलं पाहिजे.

दादा


नाशिकरोड, १५ ऑक्टोबर १९७९

गेणू,

काल तू माझ्यासमोर बसला होतास. मधे फक्त एक टेबल होतं. तरी सभेबाहेर आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, म्हणून आज पुन्हा लिहायला बसलो.

समताच्या पोरांनी तुला प्रतिनिधी म्हणून बोलावलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पत्राचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी मनात काय काय बोललो ते जाऊ दे. सभेला शाळेच्या हॉलमध्ये शिरलो आणि काळूशेजारी तू. किती वाळलास! हातरुमालाने हात झाकून बसला होतास. खासनीससाहेबांनी तुझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीची. वाटलं, हा ठरवून आलाय.

साहेबांनी ठराव मांडला, कंपनी पोरांना परत घेईल म्हणाले. मग तू उठलास. तुझं बोलणं मी इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या डोक्यात ते नीट राहावं असं मला वाटतं.

तू म्हणालास, "साहेब, मला तुम्ही पहिल्या मोसमात सांगितलं, ढाल आणा, कायम करू. आणली. दुसऱ्या मोसमात म्हणाले, पुन्हा आणा. आणली. तिसऱ्याला मी घरी जाऊन कायम होतोय म्हणून सांगितलं, कारण तुम्ही पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं. आईने पेढे वाटले. सोमवारी टाइम ऑफिसात गेलो तर बाबू म्हणाला, यंदा दोघांचं झालं, तुझं नाही. दादाचा नियम तेव्हा आलाच नव्हता."

खासनीससाहेब पुढ्यातले कागद सारखे करायला लागले.

"पेढे वाटून झाले होते," तू म्हणालास. "आता काय घरोघर जाऊन परत मागू? मग जूनमध्ये नियम आला, आणि मी म्हटलं, कायमची नोकरी दादामुळे गेली. तेवढंच सांगता येण्यासारखं होतं."

गेणू, दीड वर्ष. दीड वर्ष आई भिंतीकडे बघून मला वाढत होती.

मला वाटलं आता तू नियम राहू द्या म्हणशील. पण तू माझ्याकडे वळलास. पहिल्यांदाच. "पण दादा," म्हणालास, "दरवर्षी दोघांचं होत होतं, हे खरं हाय. बाकीचे आम्ही खेळायचो ते त्याच्यावर. पुढच्या वर्षी आपलं होईल म्हणून. खोटी का असंना, आशा होती. तू ती पण काढून घेतली." आणि नियम काढण्याच्या बाजूने तू हात वर केलास. रुमाल खाली पडला. निळा हात सगळ्यांनी पाहिला.

साहेबांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडून, त्यांच्याच ठरावाला मत दिलंस! यादीतलं पहिलं नाव तिथेच कापलं गेलं, हे तुला समजत नव्हतं असं मी मानत नाही. तुझ्यासाठी काही उरलं नव्हतं, तू दुसऱ्यांसाठी हात वर केलास. मला तुझा राग आला, आणि असं वाटलं की उठून तुला जवळ घ्यावं.

मतं समसमान झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. तुझंच बोलणं डोक्यात फिरत होतं. दरवर्षी दोघांचं होत होतं. दोघांना कायम करायचं आणि दोघांच्या आशेवर वीस पोरं बाकावर बसवायची, म्हणजे दुसऱ्या क्लबांना ती मिळू नयेत. इतकी वर्षं मी लीग चालवली आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटत होतं की पोरं नोकरीसाठी जातात. ती नोकरीच्या नुसत्या बोलण्यासाठी जात होती.

मी म्हटलं, "मी मत देत नाही. ठरावात एक ओळ घालतो. कंपनीने हव्या त्या क्लबातला खेळाडू न्यावा. पण मोसम सुरू व्हायच्या आधी त्याची कायम झाल्याची ऑर्डर टेबलावर ठेवावी. मैदानात सगळ्यांसमोर वाचली जाईल. ज्याची वाचली तो कंपनीकडून खेळेल. बाकीचे आपापल्या वस्तीकडून."

खासनीससाहेब म्हणाले, "असं कंपनीला बांधून घेता येत नाही, सर."

तेव्हा पेठचे भोयेगुरुजी मागून ओरडले, "मंग आमच्या पोरांना कसं काय बांधता, साहेब?"

एक-दोघे हसले, मग सगळेच. प्रभातवाल्यांनीसुद्धा हात वर केला, कारण त्यांना म्हणे दोन माणसं अशीही कायम करायचीच होती. खासनीससाहेबांचा हात सगळ्यात शेवटी आला. ओळ पास झाली. काळूने मला खांद्याला धरून हलवलं, इतकं की चष्मा पडला. चष्मा उचलून बघतो तर तुझी खुर्ची रिकामी.

मी रिक्षा करून सीबीएसच्या एसटी स्टँडवर धावलो होतो. तुला माहीत नसेल. पेठवरून वापीला जाणारी गाडी नुकतीच सुटली होती. खिडकीत तूच होतास की दुसरा कुणी, ते मला दिसलं नाही.

आईला रात्री सगळं सांगितलं. पेढ्यांचंही. तुझं नाव आता कधी लागणार नाही, एवढंच सांगवलं नाही. तिने माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली, माझ्याकडे बघून. आणि तुला शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. नंतर रडत बसली.

तुझा दादा


नाशिकरोड, २६ नोव्हेंबर १९७९

गेणू,

काल मोसम सुरू झाला. मैदानावर टेबल मांडलं होतं, त्यावर लाल कापड, माईक भाड्याचा. कंपन्यांची माणसं ऑर्डरी घेऊन आली. प्रभातने दोन दिल्या. अंजनेरीनेही दोन. आता ज्याची ऑर्डर नाही त्याला बाकावर बसवता येत नाही, त्यामुळे पंधरा-सोळा चांगली पोरं आपापल्या क्लबांतच राहिलीत. सरावाचे सामने बघतोय, तर कोण कुणाला हरवेल काही सांगता येत नाही. ढाल यंदा कुठे जाईल ते मला विचारू नकोस. मी सेक्रेटरी असून मला माहीत नाही, आणि मी खूश आहे.

अंजनेरीच्या दोघांतला एक मंगळू गावित. मी नाव वाचलं तेव्हा त्याची आई, भागीबाई, पेठहून आलेली, तिला काय झालं ते समजलंच नाही. भोयेगुरुजींनी तिला त्यांच्या भाषेत सांगितलं, तशी ती खाली बसली आणि मातीलाच हात जोडले. पेठचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड गेला, पण त्यांच्या एकाही माणसाने तोंड वाकडं केलं नाही.

दुसरं नाव आपल्या काळूचं. काळू केदारे, पंचशीलनगर, कायम. आपला गोल आता रिकामा झाला, तरी सगळ्यात जास्त समताचीच पोरं ओरडत होती. सुमनबाई माझ्या पाया पडायला आली. मी तिला तसं करू दिलं नाही. म्हटलं, आधी ऑर्डर नीट घडी करून ठेवा, पावसात भिजेल असं घर आहे तुमचं. तिने ती पोलक्यात घातली आणि मला म्हणाली, "सर, मागं लय बोलले मी तुम्हाला." मी म्हटलं, अजून बोलायचं असेल तर बोला, सवय आहे मला.

आई पहिल्यांदाच मैदानावर आली होती. तिला सांगितलं होतं की आज कायम झालेल्यांची नावं वाचणार आहेत. ती तेवढंच ऐकून नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, टेबलाच्या अगदी जवळ. मी चारही नावं वाचली. टाळ्या झाल्या, ऑर्डरी ज्याच्या त्याच्या हातात गेल्या, रेफरीने बॉल मधोमध ठेवला. मी माईक बंद करायला वाकलो, तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली आणि बाही धरली.

म्हणाली, "पुंजा, थांब की. आपल्या गेणूचं नाव राह्यलं."

मागे सामना सुरू झाला, लोक ओरडत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी नुसतं म्हटलं, पुढच्या वेळी. ती जाऊन पुन्हा आपल्या जागेवर बसली.

म्हणजे आता मीही तिला खासनीससाहेबांसारखंच सांगितलं. ते मला सहन होत नाही. तू ये, आणि तुझं नाव यादीत येणार नाही हे खरं तिला तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारी बसतो.

तुझा दादा